इथं कोणाचं घर?

जालना, मस्तगड
रविवार, दुपार

प्रिय इरम,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणतेस आणि मी गप्प बसते. कागदाला मधेच थांबवता येत नाही.

आधी बातम्या. आम्ही बरे आहोत, खरं तर चांगलेच आहोत. कल्याणला शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी लागली. आता तो इस्त्रीचा शर्ट घालून तबल्याला बसतो आणि घाम आला की कुरकुरतो. तुझा भाऊ आमेर रोज सकाळी मोती तलावाकडे जाऊन सॅक्सोफोनवर लांब सूर लावतो. फिरायला येणारी निवृत्त मंडळी त्याला विचारतात, "आज वरात कुणाची?" तो रोज नवं नाव सांगतो. परवाचे नवरदेव अप्पाराव होते, वय ऐंशी, तिथेच बाकावर बसलेले. त्यांनी म्हणे फेटा मागितला. प्रियदर्शनी तुला माहीत नाही. ती पुण्यात चेलो शिकून परत आली आणि वर्षभरापासून आमच्यात आहे. रिक्षात आधी चेलो बसतो, उरलेल्या जागेत ती. आम्ही चौघंही एकमेकांना बऱ्यापैकी सहन करतो. गटाला आपण नाव दिलं नव्हतं, अजूनही नाही. पत्रिकेवर फक्त वाजवणाऱ्यांची नावं छापतात.

तालीम अजून तुझ्या अब्बांच्या बँडच्या दुकानामागच्या त्याच खोलीत होते. भिंतीला बँडचे लाल कोट तसेच टांगलेले आहेत. आवाज घुमत नाही, कोट पिऊन टाकतात. मी सुरुवातीला तक्रार करायचे तेव्हा तू म्हणाली होतीस, इथे चांगलं वाजलं तर कुठेही वाजेल. ते खरं निघालं. आम्ही नाशिकला वाजवलं, लातूरला वाजवलं, आणि सगळीकडे आवाज आमच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला.

लोक अजून आपली 'मस्तगड' ही रचनाच मागतात. मी माझ्या सतारीच्या गुरुजींकडून चारुकेशी राग आणला, आमेरने फोनवर जाझ ऐकून ऐकून त्याखाली ते वाकडे सूर ठेवले, आणि तिसऱ्या फेरीला आम्ही सगळे थांबायचो आणि तू एकटी एक आवर्तन वाजवायचीस. तुझ्या क्लॅरिओनेटवर एकच कोमल धैवत, ओठ सैल करत हळूहळू खाली आणलेला. ती जागा आम्ही कुणाला दिली नाही. तीन वर्षं तिथे आम्ही थांबतो. सोळा मात्रा कोणीच काही वाजवत नाही. मग समेवर सगळे परत येतो. नाशिकला एक गृहस्थ मला म्हणाले, "ते मौन फार खोल आहे." मी हात जोडले. प्रियदर्शनीलाही वाटत होतं की ते आम्ही तसंच रचलंय. तिनेही कौतुक केलं, तिलाही मी काही बोलले नाही.

थांबायची ही रीत आपण कुठून घेतली ते तुला सांगायला नको. सातवीत मी वाटूरहून मावशीकडे शिकायला आले, तुझ्या शेजारच्या बाकावर बसले, आणि पहिल्याच महिन्यात तू मला वरातीच्या कडेने चालायला नेलंस. दुखवट्याचं घर आलं की तुझे अब्बा, सिराजचाचा, हात वर करायचे. ट्रंपेट, ढोल, सगळं एकदम बंद. नुसती पावलं. घर मागे पडलं की इशारा न होता सगळे एका ठिकाणी परत उचलायचे. आपण दोघी फुटपाथवर पावलं मोजायचो. मी नेहमी चुकायचे. तू मोजायचीस असं वाटायचंच नाही, तरी बरोबर असायचीस.

आता गुरुवारचं सांगते. एरवी आम्ही वाजवायला लागलो की चाचा चहाला बाहेर जातात. जवान पोरांच्या तालमीत म्हाताऱ्यानं बसू नये, असं त्यांचं मत. गुरुवारी त्यांचा पाय मुरगळलेला होता, म्हणून स्टुलावर बसून कोटाची बटणं पुसत होते. आम्ही 'मस्तगड' घेतलं. तिसरी फेरी आली, आम्ही थांबलो, परत उचललं, संपवलं. चाचांनी बटणावरून नजर न काढता विचारलं, "पोरी, इथं कोणाचं घर हाय?" मला कळलं नाही. ते म्हणाले, "सोळा मात्रा बाजा बंद केला ना तुम्ही. कोण मेलं?" मग मी सांगितलं, ती इरमची जागा आहे. त्यांनी कोट खाली ठेवला. "माझी इरम जित्ती हाय. हसनाबादेत हाय. तिच्या दारासमोर बाजा काहून बंद करून राह्यले तुम्ही?" आमेर म्हणाला, "अब्बा, घरात अडचण होईल म्हणून ती नांदेडला आली नव्हती ना." चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "मी कवा न्हाई म्हनलो? मला तर वाटलं, तिलाच लोकांसमोर वाजवायचं न्हाई."

तीन वर्षांपूर्वी नांदेडच्या कार्यक्रमाची नावं मी दिली होती, इरम. आयोजकांचा फोन आला आणि मी तीन नावं सांगितली. आमेरला मीच म्हणाले, इरमला घरून अडचण होईल. तो एकोणीस वर्षांचा होता. त्याला वाटलं, माझं तुझ्याशी बोलणं झालंय. झालं नव्हतं. तुमच्या घराचा नकार मी मनातल्या मनात ठरवला आणि मोठ्या आदराने तो मान्य करून टाकला. पत्रिका आली तेव्हा तू ती हातात घेतलीस, नावं वाचलीस आणि म्हणालीस, कागद चांगलाय. त्यानंतर क्लॅरिओनेटची पत्ती ओठाला लागते म्हणून तालमीला यायची बंद झालीस. मी एकदाही विचारलं नाही, कुठे लागते.

आणखी एक आहे. तालमीत कल्याण ठेका धरताना तुझ्याकडे बघायचा, माझ्याकडे नाही. वाजवण्यात पुढे कोण आहे ते तबलजीच्या मानेवरून कळतं. मला ते कळत होतं. तुमच्या घराचं नाव पुढे करणं मला सोयीचं पडलं.

मागच्या थंडीत मी हसनाबादला तुझ्या सासरी आले होते. अबुबकरभाईंनी चहा दिला आणि तक्रार केली, "ही कुकरच्या शिट्टीचा सूर सांगते, शिट्ट्या मोजायला मला बसवते." तू हसलीस. मग लेकीला, साजियाला, मांडीवर घेऊन थोपटत होतीस. तीनताल चालला होता. नवव्या मात्रेला, जिथे टाळी नसते त्या 'खाली'ला, तुझा हात तिच्या पाठीवरून अलगद उचलला जात होता. मी चहा संपवला आणि काही न बोलता बस धरली. तू सुखात आहेस हे मला दिसलं होतं, आणि त्याचाही मी आडोसा केला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचा कार्यक्रम जालन्यातच आहे, आपल्या गावात पहिल्यांदा. तुझं क्लॅरिओनेट चाचांनी उघडलं, पॅड बदलले, नवी पत्ती बसवली. ते माझ्याकडे आहे. मी त्यांना म्हणाले, तुम्हीच बोला तिच्याशी. ते म्हणाले, "मी कशाला? तू चुकलीस, तू विचार." पत्रिकेसाठी मला पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत नावं द्यायची आहेत. चार लिहिली आहेत, पाचवी ओळ मोकळी ठेवली आहे. साजियाला घेऊन ये, ती आमच्या आवाजात झोपली तरी कुणाला राग येणार नाही. तू नाही म्हणालीस तर ते नाही तुझं असेल, मी तुझ्या वतीने ठरवलेलं नसेल. मग त्या सोळा मात्रा आमेर वाजवील. थांबणार मात्र आम्ही नाही, चाचांचं बरोबर आहे. नावं देण्याच्या आधी विचारायचं असतं, ते या वेळी विचारते आहे. येशील?

अजून तुझीच,
आकांक्षा