आमचं घर बंद हाय

३ मार्च, सोमवार

आली! माझी सलोनी आली! वरंधला एसटीतून उतरली, तिथून सदूच्या मोटारसायकलवर मागं बसून वर वाडीत. सदू म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, महाडला एमआयडीसीत पाळीला जातो. पाळी सुटल्यावर तसाच घ्यायला थांबला. गुणाचा हाय, पण चहा दिल्याशिवाय हलत नाय.

बॅग केवढी! मला वाटलं कायमची राहायला आली. महिनाभर हाय म्हणाली. माझ्या मुलाची, भरतची एकुलती मुलगी. मुंबईत वाढली, आता विलायतेत शिकते. डॉक्टर होणार, पण सुई टोचणारी नाय. म्हटलं, "मग कसली गो?" म्हणाली, "आज्जी, गरीब देश पुढे कसे जातात, कोण मागे राहतं, त्याचा अभ्यास." म्हटलं, त्याला एवढं लांब जायला लागतं?

घावणं केली. पोटभर खाल्ली. बघतच राहिले तिच्याकडं.

५ मार्च, बुधवार

आज तिच्या फोनात चार तोंडं एकदम! सगळी तिच्याबरोबर शिकणारी, चार देशांतली. मला "नमस्ते" म्हणाली. मी पदर सारखा केला. फोन बंद झाल्यावर सलोनीनं एकेकाचं सांगितलं. एक मुलगा जुन्या कपड्यांवर डॉक्टर होणार. आपण टाकतो ते कपडे बोटीनं आफ्रिकेत जातात म्हणे, तिथं बाजार भरतो. एक मुलगी बाहेरगावी गेलेल्यांचे पैसे गावात कुठं मुरतात ते बघते. म्हटलं, पत्र्यात आणि लग्नात, मला विचार की! तिसरी पाण्याच्या नळावर. चौथ्याचं अजून ठरलंच नाय, तो नुसता हसत होता. मला तोच आवडला.

म्हटलं, "आणि तुझं कशावर?"

"बघू गं. आधी तुम्हा सगळ्यांना विचारायचंय."

सगळ्यांचं सांगितलं. स्वतःचं नाय!

७ मार्च, शुक्रवार

पोरगी घरोघर फिरते. कोण राहतं, कोण मुंबईला, जमीन कोणाच्या नावावर. देवळापाशी पुरुष बसले होते, त्यांना विचारलं वाडीत घरं किती. सदू म्हणाला, "चार उघडी, बाकी सगळी बंद."

घरी येऊन मलाच विचारते, "आज्जी, आपलं घर?"

म्हटलं, "बंद हाय."

बघतच राहिली. चुलीवर भात रटरटत होता. म्हणाली, "मग तू राहतेस कुठे?"

मला हसू आलं. म्हटलं, अगो, असंच म्हणायचं असतं. घरात पुरुष नाय म्हणजे घर बंद. शिमग्यात देवाची पालखी दारोदार फिरते तेव्हा नारळ पुरुषानंच द्यायचा. तुझे आजोबा गेल्यावर भरत शिमग्याला आलाच नाय, म्हणून पालखी आपल्या दारात थांबत नाय, पुढं जाते. आपला नारळ सदूच्या घरातून जातो. शेजारच्या बनुबाईचंही बंद. ती, तिची सून, दोन म्हशी आणि तो भुंकणारा कुत्रा असं बंद घर!

ती हसली नाय. म्हणाली, "पुन्हा सांग ना," आणि फोन माझ्या तोंडाजवळ धरला.

कशाला हवं हिला हे?

८ मार्च, शनिवार

सातबारावर कोणाचं नाव, हे आज पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा!

१० मार्च, सोमवार

बनुबाई शेण्या थापता थापता म्हणाली, "चंद्राबाई, नात हाय का तलाठी?"

मी तिला झापलं. माझी नात शिकलेली हाय, तुझ्या पोटात दुखतं! पण घरी आल्यावर भाजी चिरताना हात थांबला.

घाटाच्या रस्त्याला हल्ली पुण्याच्या गाड्या थांबतात. माणसं उतरतात, डोळ्यावर हात धरून डोंगर बघतात. खाली एकानं बंगला बांधला, कुंपण घातलं, आता आमच्या गुरांना वळसा पडतो. दिवाळीत भरत फोनवर म्हणाला होता, "आई, एकटी काय करतेस तिथं? घर-जमीन काढून टाकू. इकडं ये." तो आणि मी, दोघांची नावं हायत. माझ्या सहीशिवाय त्याचं काय चालत नाय.

दुपारी सलोनी आंब्याखाली फोनवर होती. मी कोंबडीला हाकलायचं निमित्त करून मागं गेले.

"हो बाबा, बरी आहे... नाही, अजून नाही विचारलं... बघते म्हटलं ना!"

काय विचारायचं हाय मला? कोंबडी दुसऱ्याच्या अंगणात गेली तरी मी तिथंच उभी.

१२ मार्च, बुधवार

आज कळलं.

दिवे लागल्यावर फोन माझ्यापुढं ठेवला. गोड आवाज. "आज्जी, मी काय करणार ते सांगते, नीट ऐक. हवं तर तुझं नाव बदलून लिहीन. पटलं तर फक्त 'माझी हरकत नाही' एवढं म्हण."

हरकत नाय!

माझी मोठी चुलतबहीण तुळजाबाई, पोलादपूरला दिलेली. बाप गेल्यावर भावांनी तिला असंच महाडला नेलं. हॉटेलात मिसळ खाऊ घातली. मग साहेबापुढं उभं करून "हरकत नाय" म्हणायला लावलं. माहेरची जमीन तिथंच संपली. राखीला साडी येते अजून. तुळजाबाई ती साडी नेसत नाय, भांडीवालीला देते. ती मिसळ मात्र झकास होती म्हणते.

म्हटलं, "म्हणणार नाय."

"आज्जी, ऐक तरी..."

"तुझ्या बापाला सांग, म्हातारी अजून घरात हाय!"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. फोन उचलला आणि आत गेली.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरणपोळी वाढली, तिनं खाल्ली. तूप मागितलं नाय. मी वाढलं.

१६ मार्च, रविवार

आज पालखी आली. मुंबईची मंडळी गाड्या भरून आलेली, ढोल, गुलाल, पोरं नुसती नाचतायत. भरत नाय आला.

सकाळी बघते तर सलोनीनं अंगण सारवलेलं! तिला कुठं येतंय, नुसते डबरे! वर रांगोळी. म्हटलं, "कशाला गो? पुढं जाते ती."

म्हणाली, "जाऊ दे. तू नारळ घेऊन उभी राहा. थांबली तर थांबली."

मला काय झालं माहीत नाय. जरीची साडी नेसले आणि राहिले उभी.

पालखीला पुढं खांदा सदूचा. ओरडला, "काकी, बाजूला व्हा, तुमचं घर बंद हाय!"

म्हटलं, "सदू, रोज कुठं चहा ढोसतोस रे? बंद घरात?"

असे हसले सगळे! मुंबईवाले पण. सदूचं तोंड गुलालाहून लाल. ढोल थांबला, पालखी थांबली. खाली टेकवली नाय, खांद्यावरच ठेवली, पण थांबली! माझ्या हातातून नारळ घेतला. बनुबाई बघत होती ती धावतच घरात गेली नारळ आणायला. सुनेला हाका, कुत्रा पायात, नुसता गोंधळ!

संध्याकाळी सलोनी जवळ बसली. म्हणाली, "आज्जी, माझा विषय हाच. बंद घरांत राहणाऱ्या बायका. सगळे लिहितात गावं ओस पडली. तू, बनुआजी, तिची सून, तुम्ही कुठल्याच मोजणीत नाही. पण तुझी हरकत नसल्याशिवाय मला एक ओळ लिहिता येत नाही. तसा नियमच आहे."

असा नियम कुठं असतो? आजपर्यंत माझी हरकत कोणी विचारली? लग्नात नाय विचारली! म्हटलं, "बघू." मन म्हणतंय, पोरगी खरी हाय. दुसरं मन म्हणतंय, तुळजाबाईचे भाऊ पण असेच जवळ बसले होते.

१७ मार्च, सोमवार

सकाळी भरतचा फोन. "आई, सलोनीनं सहीचं विचारलं का तुला? सांगून पाठवलं होतं तिला. आली तशी टाळतेय. रोज 'बघते' म्हणते, आणि काल म्हणाली, मी नाही विचारणार, तुम्हीच विचारा. गिऱ्हाईक थांबणार नाही गं."

म्हटलं, "सही मिळणार नाय. घर उघडं हाय." ठेवला.

पोरगी पडवीत मीठ लावून कैरी खात होती. म्हटलं, काढ गो तुझा फोन. माझी हरकत नाय. आणि नाव बदलू नको.