भरतीची किल्ली हेमांगीला

मी, पुष्पलता कृष्णकांत मेहेर, वय ६४, राहणार सातपाटी, तारापूरच्या एका कारखान्यातील संगणक विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर दबाव नाही. दबाव आणायला एक अख्खा कार्यगट बसला आहे, पण त्यांची बैठक अजून संपलेली नाही. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

१. राहतं घर धाकटा भाऊ नामदेव याला. गळका पत्रा त्याने स्वतः बदलावा, नुसता सल्ला देऊ नये.

२. मी लिहिलेला 'भरती' हा प्रोग्राम. खाडीच्या तोंडाशी पाणी कधी चढेल, हे तो होडीवाल्यांना मोबाईलवर सांगतो. तो खुला आहे; कोणीही वाचावा, वापरावा, सुधारणा सुचवावी. ती सुधारणा मूळ प्रोग्राममध्ये घ्यायची की नाही, हे मात्र किल्ली, म्हणजे पासवर्ड, ज्याच्याकडे तोच ठरवतो.

३. पाच कंपन्यांनी 'भरती'साठी कार्यगट काढला. आधी आपापली बोधचिन्हं लावली, मग प्रोग्राम काय करतो ते विचारलं. एकोणीस बैठका झाल्या, त्यातल्या चार गटाचं नाव ठरवण्यात गेल्या. आमचे कोळी तिथीला पाऊण तासाने गुणून भरतीची वेळ काढतात. प्रोग्रामही तेच करायचा. गट म्हणाला, तिथी आंतरराष्ट्रीय मानकात बसत नाही, दूरच्या मोठ्या बंदराची वेळ घेऊ. त्याच आठवड्यात त्यांनी मला 'आमची प्रेरणा' असं छापलेला कप पाठवला होता. मी हुरळले आणि होकार दिला. ही चूक माझी, गटाची नाही.

बदल केल्यावर चौथ्या दिवशी नामदेवचा फोन आला. "ताई, तुजा मोबाईल सांगतो पानी हाय, नि होरी चिखलात बसली! बोंबील सगले सडले." मी एका दुपारी तिथी परत घातली. गटाने आभार मानले आणि झालेल्या प्रकाराचा अभ्यास करायला उपगट नेमला.

४. तो कप मांजरीच्या दुधाला. एकोणीस बैठकांची इतिवृत्तं गटाला परत. त्यांच्याशिवाय ती कोण वाचणार? गटातला धर्मेश तेवढा वेगळा. त्याने सुट्टी घेऊन, कोणाला न सांगता प्रोग्राममधल्या तीन चुका दुरुस्त केल्या. त्याला माझा लॅपटॉप.

५. किल्ली गटाला मिळणार नाही. मंगळवारी त्यांची बैठक आहे, विषय 'पुष्पलता मॅडमनंतर'. निदान बुधवारपर्यंत तरी थांबायचं होतं. किल्ली नामदेवच्या मुलीला, हेमांगीला. ती बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जाते, आणि कुठलाही बदल सुचवण्याआधी खाडीवर जाऊन पाणी बघून येते.

किल्ली मी आज सकाळीच देऊन टाकली. हेमांगीने पहिलं काम काय केलं, तर माझीच बदल करायची परवानगी काढून घेतली.

"आत्या, आता तुजा बदल पन मी तपासनार. तू पन एकदा चुकलीस ना?"

मला फार राग आला. चहा होईपर्यंत टिकला. आता मी निश्चिंत मनाने ऑपरेशनला जाते.

साक्षीदार: १. ललित तांडेल (सही) २. अर्चना पाटील (सही)

पुष्पलता कृष्णकांत मेहेर (सही)
सातपाटी, १४ नोव्हेंबर २०२५