नारळाच्या पाण्याचे डाग

यवत, बुधवार, संध्याकाळ

दसऱ्यापासून वही उघडायची टाळतोय, कारण उघडली की खरं लिहावं लागतं. गॅरेजचं गिऱ्हाईक असलेल्या आप्पांच्या जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे दोन दिवस घासून मी लोखंड पार चांदीसारखं काढलं होतं. गॅरेजवाले मामा म्हणाले, "आधी ऑइल फिरव, मग कुठं उंडारायचं ते उंडार." मी पूजेला नारळ फोडला, त्याचं पाणी पाट्यांवर शिंपडलं, वर गोणपाट टाकलं आन् तसाच मित्राच्या गाडीवर दौंडला गेलो. तिथं काय काम होतं? काहीच नाही. नुसता रेल्वे बघत बसलो.

दोन दिवसांनी येऊन गोणपाट उचललं, तर जिथं थेंब पडले तिथं तिथं तांबूस ठिपके. मामांनी विचारलं, "ऑइल लावलंस नव्हं?"

"व्हय मामा."

का बोललो असं? त्या शब्दावर मामा आज निवांत शिरूरला पाट्यांत बसवायचे नवे बुश आणायला गेले. दिवसभर पॉलिश पेपर मारला, तरी ठिपक्यांच्या जागी काळे वण राहिलेत. मामा आले की सांगायचं ठरवलंय. सांगेन ना?

हॉर्न वाजला. मामा नाहीत, आप्पाच आलेत, हातात पेढे. "दाव की रं पोरा, कुठवर आली माझी जीप?"