लाटरीतली खोली

जालना, १९३८

ती. अक्कास,

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुला आलेली पत्रं दाजी आधी वाचतात.

आमची लाटरी लागली न्हाई. पण तिकीट घरात होतं तो महिनाभर सगळे खुशीत होते. सासूबाईंना काशीला जायचं होतं, धाकट्या दिराला सायकल पाहिजे होती. मी अकरा माणसांच्या भाकरी थापत ऐकत राह्यले. एका संध्याकाळी हे जिनिंगच्या कारखान्यातून आले, चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "तुला काय पाहिजे?"

पंधरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "स्टेशनाकडं एक खोली. मी एकटीच राहीन. कुणालाच रांधून घालणार न्हाई."

वाटलं, आता ओरडतील. पण ह्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मंग हळूच म्हणाले, "मी आलो, तर दार उघडशील?"

अक्का, हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मी लई थकले होते. पुढची भाकरी तव्यावर टाकली. हे उठून माझ्याऐवजी आडावर पाणी शेंदायला गेले.

तेव्हापासून रोज जातात. मी अजून हो म्हटलेलं न्हाई.

तुझी धाकटी,
गोजर