अहवालावरची दोन नावं

बाई, तुम्ही सोलापूरच्या शाळेत आम्हा वादविवादाच्या मुलींना जी सवय लावलीत, ती मी गेल्या जानेवारीत इथे जर्मनीत, आखनमध्ये, दोन माणसांवर वापरली. एक पॅलेस्टिनी, एक इस्रायली. त्या आठवड्यांत त्यांची माणसं एकमेकांना मारत होती. सवय चालली. कितपत चालली ते पुढे सांगते, पण चालली, आणि त्याचा मला इतका अभिमान वाटतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरी सांगून झालं. मुलीने ऐकून घेतलं, "श्योन, आई," म्हणाली, म्हणजे छान, आणि सायकल काढून निघून गेली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट ऐकायला योग्य माणूस तुम्हीच आहात.

शाळा सुटल्यावर आम्ही चौघी प्रयोगशाळेशेजारच्या रिकाम्या वर्गात थांबायचो. दोन बाक समोरासमोर, एक अनुकूल, एक प्रतिकूल, आणि कोणी कुठे बसायचं ते चिठ्ठीवर. इतर शाळांत मुलींकडून भाषण पाठ करून घेत. तुम्ही आम्हाला आधी उठवून समोरच्या बाकावर बसवत होतात. तिथे बसून समोरच्या मुलीचं म्हणणं तिच्या वतीने मांडायचं. ती "बरोबर" म्हणाली तरच आपल्या बाकावर परत जायचं आणि मग उत्तर द्यायचं. ती "नाही" म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा विषय उजनीच्या पाण्याचा होता, वरच्या गावांचा हक्क मोठा की खालच्या. मी खालच्यांची, आणि मला वरच्यांचं मांडायचं होतं. चार वेळा "नाही" ऐकलं. मी रडकुंडीला आलेली. तुम्ही डब्यातली उरलेली भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे सरकवता आणि म्हणता, "खा, आणि पाचव्यांदा सांग. तिचं सांग गं, तुझं मला पाठ आहे."

आणि बार्शीची ती स्पर्धा. समोरची मुलगी अडखळत बोलत होती. तिच्या एका चुकलेल्या वाक्यावर मी असा टोला हाणला की सभागृह हसत सुटलं. फिरता करंडक मला मिळाला. परतीच्या एसटीत तो मांडीवर घेऊन मी बसले होते आणि तुम्ही दोन सीट पुढे, वैराग येईपर्यंत मागे वळूनही पाहिलं नाहीत. मग वळलात. "टाळ्या तुला मिळाल्या. त्या मुलीचं म्हणणं काय होतं?" मला सांगता आलं नाही. "मलाही नाही कळलं," तुम्ही म्हणालात, "तू कळूच दिलं नाहीस." त्या वयात मला वाटलं, बाई जळतात. आता चाळिशी ओलांडल्यावर कळतं की त्या दिवशी सभागृहात एकच माणूस त्या मुलीचं ऐकायला बसलं होतं.

माझा आवाज अजून तसाच आहे बाई. जर्मन भाषेत बोलले तरी क्रियापद शेवटी येईपर्यंत लोक श्वास धरून थांबतात, आणि ते मला आवडतं. इस्रायल-पॅलेस्टाईनच्या विषयावर मी हाताला लागेल ते वाचलं आहे, कराराचे मसुदे, दोन्हीकडच्या आठवणी, नकाशे. गाझावर विमानं बॉम्ब टाकत होती आणि तिकडून इस्रायलच्या दक्षिणेतल्या गावांवर रॉकेटं जात होती, त्या आठवड्यांत मी दर शनिवारी गावातल्या चौकात मेगाफोन घेऊन उभी राहत होते. या देशात हा विषय लोक हलक्या आवाजात बोलतात, आणि त्याला कारण आहे. आमच्या गल्लीतल्या फुटपाथमध्ये पितळी दगड बसवले आहेत, त्या घरांतून नेऊन मारलेल्या ज्यू माणसांची नावं कोरलेले. मी रोज त्यांच्यावरून चालत बसस्टॉपवर जाते. तरीही मी चौकात मोठ्याने म्हणाले की ताबा संपला पाहिजे, वेढा उठला पाहिजे, आणि मुलांवर बॉम्ब टाकणाऱ्याला मारेकरीच म्हणतात. त्यातला वेढा आणि ताबा मी आजही मागे घेणार नाही. ते खरं आहे.

सोमवारी सकाळी इन्स्टिट्यूटच्या छोट्या स्वयंपाकखोलीत माझी इस्रायली सहकारी चहाचं पाणी ठेवत होती. आम्ही इथे भूजलाचं काम करतो, जमिनीखालून पाणी कसं आणि किती वाहतं याची गणितं. तिचं गाव किनाऱ्याकडे, झऱ्यांजवळ. ती म्हणाली, "शनिवारी छान बोललीस. मी मागे उभी होते."

मी म्हटलं, "मग पुढे का आली नाहीस?"

"माझा भाऊ राखीव सैन्यात आहे. त्याला बोलावून घेतलंय, तो सीमेवर आहे. तू मारेकरी म्हणालीस तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या." तिने किटली बंद केली. "आमच्याबद्दल दुसरं एकही वाक्य नव्हतं तुझ्या भाषणात. मी वाट बघत होते."

बाई, मला वैरागचा स्टँड दिसला.

त्याच दिवशी दुपारी आमच्या पॅलेस्टिनी सहकाऱ्याने अहवालावरून स्वतःचं नाव काढायला सांगितलं. तो नाब्लुसजवळच्या खेड्यातला, बहीण गाझात दिलेली, आणि तिचा फोन लागत नव्हता. अहवाल आम्हा तिघांचा, तीन वर्षांचा. पाऊस त्याच्या डोंगरांवर पडतो, जमिनीत मुरतो आणि पश्चिमेला वाहत जाऊन हिच्या गावाजवळच्या झऱ्यांतून वर येतो. दोन्हीकडच्यांनी मिळून किती उपसलं तर झरे खारे होणार नाहीत, एवढाच आमचा प्रश्न. पण उत्तराला किंमत होती ती दोन नावांमुळे. एकट्या त्याच्या नावाचा अहवाल तिच्याकडे कोणी उघडला नसता, आणि एकट्या तिच्या नावाचा त्याच्याकडे. मी भारतीय, माझं नाव असून नसून सारखं. प्राध्यापक जर्मन, शांत माणूस. ते म्हणाले, "शुक्रवारी दुपारी बारा. दोन नावं नसतील तर छपाई नाही, आणि प्रकल्प इथेच थांबेल."

बुधवारी दुपारी जेवणानंतर मी दोघांना स्वयंपाकखोलीत बसवलं, टेबलाच्या दोन बाजूंना, आणि तुमचा नियम सांगितला. उभं राहायचं नाही, भाषण करायचं नाही. खुर्च्या बदला, दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या वतीने मांडा, आणि तो "गेनाऊ" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर, इथे लोक उठताबसता म्हणतात.

तो हसला. वाईट हसला. "तुमच्या शाळेत चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवायचे ना? माझी बाजू ठरवायला कोणी चिठ्ठी टाकली नाही."

त्याचं खरं होतं, बाई. आम्हाला तो खेळ होता, संध्याकाळी घरी जाऊन विसरायचा. तुमच्या मुलींपैकी कोणीही केली असती ती चूक मी केली, जखमेला विषय म्हणाले. मी माफी मागितली. तो उठला नाही, तेवढ्यावरच मी निभावून नेलं. खुर्ची मात्र आधी तिने बदलली, आणि तो माझ्या शेजारच्या स्टुलावर सरकला.

"तुम्हाला पाणी कमी मिळतं," ती त्याच्या खुर्चीवरून म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला आमच्यापेक्षा कमी मिळतं, आणि उन्हाळ्यात टँकर लागतो."

"हे अहवालात आहे. नाही."

तिने पुढ्यातला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "माझ्या वडिलांची जमीन आहे. तिच्याखाली पाणी आहे, हे मला गणिताने माहीत आहे, त्यांना आजोबांकडून. विहीर खणायची तर परवानगी मागावी लागते. ज्याच्याकडे मागायची त्याला आमचं गाव कुठे आहे ते माहीत नाही. वडील आता मागत नाहीत. मी इथे पाण्यावर पीएचडी करतो आणि घरी फोनवर पाण्याचा विषय काढत नाही."

त्याने खिडकीकडे पाहत "गेनाऊ" म्हटलं, इतकं हळू की मी तिला पुन्हा सांगितलं.

मग तो उठला. तिच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तुम्हाला भीती वाटते."

"भीती सगळ्यांनाच वाटते. नाही."

"तुमच्याकडे सैन्य आहे, विमानं आहेत, आणि तरी..." तो थांबला. "मला हे जमत नाही."

"मलाही जमत नव्हतं," ती म्हणाली. "प्रयत्न कर की जरा, मी तीनदा केला."

त्याने पुन्हा सुरुवात केली. "मी कॉलेजला बसने जायचे. बसमध्ये पुढे बसायचं की मागे, हे रोज ठरवायचे, कारण कुठल्यातरी एका जागी बसलेले वाचतात. आणि जगात कोणालाही हे सांगितलं की तो म्हणतो, तुझ्याकडे सैन्य आहे, तुला कसली काळजी. आजीला जर्मनीत शेजाऱ्यांनी असंच सांगितलं होतं, कसली काळजी करता."

ती गेनाऊ म्हणाली नाही. म्हणाली, "मागे. मी मागे बसायचे."

मला वाटलं झालं. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. "आता तू."

"मी कोणाची बाजू मांडू?"

"तू इथे जेवताना रोज आम्हाला सांगतेस की शांतता होणार. दोन्ही लोकांना आपलं राज्य, दोन्ही लोकांना सुरक्षितता. होणार नाही म्हणणाऱ्याची बाजू मांड. आम्ही समोर बसतो." आणि ते दोघं टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी बसले, परीक्षकांसारखे.

मी बोलले. सांगितलं की टेकडीवरची प्रत्येक नवी इस्रायली वसाहत नकाशातून एक गाव कमी करते आणि बसमधला प्रत्येक स्फोट भिंतीवर एक थर चढवतो. हात मिळवणाऱ्याला आधी त्याचेच लोक गद्दार ठरवतात. एका बाजूच्या मुलांनी समोरचा माणूस फक्त गणवेशात पाहिला आहे, दुसऱ्या बाजूच्या मुलांनी फक्त रॉकेटच्या इशाऱ्याच्या भोंग्यात ऐकला आहे, आणि हीच मुलं उद्या वाटाघाटींना बसणार. भीतीवर निवडून येणाऱ्याला भीती संपवून चालत नाही. बॉम्ब पडतात तेव्हा जग चौकात उभं राहतं, थांबले की घरी जाऊन जेवतं, मीसुद्धा. मी आवाज चढवला नाही. सहा-सात मिनिटं बोलले असेन.

"गेनाऊ," दोघं एकदम म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि ते या गोष्टीवर. ती आधी हसली, मग तो. मग त्याने टेबलावर हात टेकला. "आल्झो, तर मग शांतता होणार नाही, ठरलं. म्हणून पाणी डोंगरातून खाली यायचं थांबणार आहे का? आण तो मसुदा."

पुढचे दोन तास ते भांडले. मी तितकं सुंदर भांडण ऐकलेलं नाही. त्याला परवानग्यांचं वाक्य अहवालात हवं होतं, तिला डोंगरावरच्या गावांचं आणि वसाहतींचं न शुद्ध केलेलं सांडपाणी झऱ्यांत उतरतं हे वाक्य हवं होतं. शेवटी परवानग्यांचं वाक्य तिने लिहिलं आणि सांडपाण्याचं त्याने. एकमेकांना वाचून दाखवलं, शब्द बदलले, पुन्हा वाचलं. शुक्रवारी अकरा वाजता दोन्ही नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने पहिल्या पानावर होती. सकाळी तो तिला आपणहून म्हणाला होता, "फोन लागला. जिवंत आहेत सगळे. खिडक्या गेल्या." ती म्हणाली, "भाऊ परत आलेला नाही अजून." तो म्हणाला, "येईल." एवढंच. भाऊ महिन्याअखेरीस आला.

मी फुगवून सांगत नाही, बाई. त्या अहवालाने एक गोळीही थांबलेली नाही, आणि त्याच्या वडिलांची विहीर अजून खणलेली नाही. पण तो अहवाल दोन्हीकडच्या पाणी खात्यांत वाचला गेला, आणि त्यातली ती दोन वाक्यं ज्यांना टोचायची त्यांच्याच माणसांनी लिहिली आहेत, म्हणून त्यांना खोटं म्हणता येत नाही. माझं आता ठाम मत आहे की टिकणारी शांतता आली तर ती अशीच येईल. आजवरच्या करारांत एकाने सुरक्षितता लिहिलं, दुसऱ्याने हक्क लिहिलं, आणि घरी जाऊन प्रत्येकाने आपलाच शब्द वाचला. ज्या दिवशी हक्काचं कलम इस्रायली लिहील आणि सुरक्षिततेचं पॅलेस्टिनी, आणि समोरचा गेनाऊ म्हणेपर्यंत कोणी खुर्ची सोडणार नाही, त्या दिवशी मी चौकातला मेगाफोन माळ्यावर टाकेन. वाटाघाटींना बसणाऱ्या त्या मोठ्या माणसांना शाळेत तुमच्यासारखी बाई मिळाली नाही. मला मिळाली. हे मी इथे जर्मन लोकांना सांगते तेव्हा माझी मान ताठ असते.

आता एवढंच राहिलं. मी शांतता होणार नाही हे मांडलं आणि त्या दोघांनी एकदम गेनाऊ म्हटलं, तेव्हा पहिल्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. चांगलं बोलल्याचा. ज्याच्या बहिणीचा फोन लागत नव्हता आणि जिचा भाऊ सीमेवर होता, त्या दोघांना मी त्यांना भविष्यच नाही हे पटवून दिलं होतं, आणि माझ्या अंगावर बार्शीसारखाच काटा आला होता. तुम्ही असता तर हा परिच्छेद गाळून मी पत्र पाठवलं असतं.