चौथ्या ओळीपासून

१२ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जेवते आहे, झोपते आहे, दोन्ही कमी. इंजिनिअरिंग झालं, कायदा झाला, फर्ममध्ये तिसरं वर्ष लागलं, तरी अजून इतरांच्या फायली वाचून मुद्दे काढून देते आणि कोर्टात मागच्या खुर्चीवर बसते. पाठ धरते.

एक बातमी. यंत्राच्या नकलेचा खटला आहे; जास्त सांगता येत नाही. समोरच्या साक्षीदाराला प्रश्न मी विचारायचे, असं आमच्या वकीलबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच. त्यांनी शिकवलंय की उत्तर आलं की आपण गप्प बसायचं. शांतता सहन न होऊन माणूस नको ते बोलून जातो. तुझ्यावर हे हमखास चाललं असतं.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
फूटपट्टी

३ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या कारखान्यात एक वकील आले होते. बाटल्यांना झाकणं लावायच्या आपल्या जुन्या यंत्रावरून कुठे नकलेचा खटला चाललाय म्हणे. मला साक्षीला यायचंय, तेही तुझ्याच शहरात!

खरं सांगू, धडकी भरली आहे. यंत्र अडलं तर मी डगमगत नाही, पण कोर्ट म्हणजे काय गं? दोन दिवस तुझ्या खोलीवर राहू का? कामात असशील तर किल्ली शेजारी ठेव. माझ्याकडे होतीस तेव्हा परीक्षेच्या दिवशी मला शाळेच्या फाटकाशी उभं करायचीस. या वेळी तू उभी राहा. नुसती दिसलीस तरी पुरे.

जपून राहा, आणि जेव गं बाई.

मावशी

८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन ओळी वाचून घडी घातलं. त्या खटल्यात मी समोरच्या बाजूला आहे. वकीलबाईंना लगेच सांगितलं. त्यांनी मला बाजूला केलं. प्रश्न आता दुसरे विचारतील.

निकाल लागेपर्यंत उरलेलं पत्र वाचणार नाही, तुला भेटणार नाही. तूही लिहू नकोस. नियम आहे. वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण ते माझ्या हातात नाही.

लोभाला हा नियम लागू नाही.

तुझी,
फूटपट्टी

२० ऑगस्ट

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला, तुमची बाजू हरली; आता लिहायला हरकत नसावी. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या फाटकाशी जरा रेंगाळले, उगाच. तुमच्या वकिलांनी विचारलं, मी सांगितलं, ते गप्प. तुझं पत्र आठवलं. मग मीही गप्प. शेवटी न्यायाधीशच खोकले!

लॉजवर राहिले. पंखा कुरकुरत होता, त्याचा स्क्रू आवळून आले.

माझ्या त्या अर्धवट वाचलेल्या पत्राला आता उत्तर नको. शिळं झालं ते.

आहेस तशी राहा.

मावशी

२६ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ते पत्र चौथ्या ओळीपासून वाचलं.

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून कोर्टाचं फाटक दिसत नाही. तुझ्या साक्षीच्या दिवशी सगळ्या खिडक्यांतून पाहिलं होतं.

नवा खटला आहे, पुन्हा मागची खुर्ची. दमले आहे. सोबत खोलीची किल्ली पाठवते. कुलूप अडतं, दार जरा आत दाबून किल्ली फिरव. कामाशिवाय ये.

लोभ होता तसाच असावा.

तुझी,
फूटपट्टी