एकवीस दिवसांचं निरीक्षण

२ मार्च, सकाळी ६.५०

नवी वही. संकल्प हिरव्या शाईत, तक्रारी लाल शाईत, बाकी सगळं निळ्यात. ही माझी जुनी शिस्त. खिशाला कायम तीन पेनं.

पहिला संकल्प: घरात आणि ऑफिसात रागवायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय. राग काढायचाच असेल तर आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर काढायचा. तिथे कोणाला लागत नाही.

२ मार्च, सकाळी ७.१५

लाल पेनाने कोणीतरी किराणा मालाची यादी केली आहे. टोपण बेपत्ता. रागावलो नाही. फक्त आवाज चढला. हिचं म्हणणं, संकल्प पंचवीस मिनिटं टिकला, गेल्या वर्षीपेक्षा बरा.

५ मार्च

हिला ऑर्डर मिळाली! सीमेपलीकडच्या शहरात नवी बाग होते आहे. आठशे गुलाबाची रोपं. १० एप्रिलला उद्घाटन, त्याआधी पोचली पाहिजेत. दोन वर्षं ही भाड्याच्या जमिनीच्या तुकड्यावर गुलाबांमागे राबते आहे. बोटं काट्यांनी सोललेली. आज पहिल्यांदा तिने मला न विचारता चहात साखर जास्त घातली.

तिने विचारलं, तुमच्या ऑफिसच्या प्रमाणपत्राला किती दिवस लागतील? मला हसू आलं. देशातलं एकही रोप माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही, आणि ही मला दिवस विचारते! म्हटलं, पानं उलटून बघायची, मुळं बघायची, शिक्का. दहा मिनिटांचं काम.

मग बाकीच्या लोकांना तीन-तीन आठवडे का लागतात हो, म्हणाली. प्रोसीजर असते, असं सांगितलं. बायकांना प्रोसीजर कळत नाही, हे सांगितलं नाही. संकल्प.

९ मार्च, दुपारी १२.३०

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. हे पान पूर्ण लाल शाईत.

जागतिक वनस्पती परिषदेचा नवा नियम आला. सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक. परदेशी जाणारं प्रत्येक रोप एकवीस दिवस निरीक्षणाखाली ठेवायचं. तेही बंदिस्त आणि सावलीच्या खोलीत. रोज नोंद करायची. आणि नोंद कशी, तर तीन रंगांच्या शाईत!

कोण बसतं हो तिथे? कुठल्या तरी गार खोलीत, कुठल्या तरी मोठ्या देशाचा कुठला तरी रिकामटेकडा, ज्याने आयुष्यात झाडाला पाणी घातलं नाही. त्याला वाटलं आणि आम्ही माना डोलवायच्या. मोठ्या देशांनी नियम करायचे आणि लहान देशांनी खोल्या शोधायच्या.

दोन वर्षांपूर्वी याच परिषदेने प्रश्नावली पाठवली होती, तुमच्याकडे तपासणी कशी होते म्हणून. चाळीस प्रश्न. साहेबांनी माझ्या टेबलावर टाकली. मी जेवणानंतर एका बैठकीत भरून दिली, साहेबांनी न वाचता सही ठोकली. पोच सोडा, आभारसुद्धा नाहीत. लहान देशाचं कोण ऐकतो?

१० मार्च

शेजारच्या टेबलावरच्या दुर्बिणीशी वाद. (जाड चष्मा, आणि कुठल्याही कागदाची तळटीप आधी वाचतो, म्हणून दुर्बीण. संध्याकाळच्या कॉलेजात राज्यशास्त्र करतो, हे दिवसातून तीनदा सांगतो.) त्याचं म्हणणं, व्यवस्था काही आकाशातून पडत नाही. देश जसे वागतात तशी ती घडते, मग ती उलटून देशांना घडवते, आणि कोणी कोणाला घडवलं हे कोणाला आठवत नाही. मी त्याला म्हटलं, पुस्तकी बडबड आहे. व्यवस्था मोठे लोक करतात, भोगायची आपण.

तो म्हणाला, नियमाच्या शेवटी परिशिष्ट आहे, ते वाचा. मी परिशिष्टं वाचत नाही. माणसाने मूळ मुद्द्यावर भांडावं.

संकल्प (हिरवा): १. परिषदेला सविस्तर हरकत पाठवणे. २. लहान देशांची आघाडी उभी करणे. ३. वेळ आल्यास परिषदेत स्वतः भाषण. ४. त्यासाठी बूट.

१२ मार्च

साहेब खुशीत. या नियमामुळे आपलं खातं वाढणार, म्हणाले. नवी खोली, नवं कपाट, नवं पद: निरीक्षण अधिकारी. आणि ते मला!

मी स्पष्ट सांगणार होतो की तत्त्वाला मुरड घालून मी पद घेणार नाही. पण साहेबांनी पाटी आधीच रंगवून घेतली होती. पितळी अक्षरं. म्हणून आतून लढायचं ठरवलं. आतून लढणं जास्त अवघड असतं.

खोली म्हणून जुन्या फायलींची खोली दिली आहे. पूर्वीही आलेली रोपं तिथेच पडून असायची. एक खिडकी, तिच्यासमोर कपाट.

१५ मार्च. दिवस पहिला.

मेव्हण्याने ट्रकमधून आठशे रोपं आणली. फायलींच्या मधून, खुर्च्यांखाली, पायरीवर, सगळीकडे पिशव्या. रोपं काय होती! काळपट हिरवी, तुकतुकीत. मेव्हणा म्हणाला, दाजी, आत्ता बघून घ्या ना, आत्ता शिक्का मारा, उद्या सीमेवर नेतो. त्याला समजावलं की पलीकडचे लोक एकवीस नोंदी मागतात. माझ्या हातात काही नाही. तो म्हणाला, पाटीवर तर तुमचंच नाव आहे.

उर्मट आहे. पहिल्यापासून.

ही शेवटच्या पिशवीपर्यंत थांबली. मग म्हणाली, उजेड नाही हो इथे. मी म्हटलं, माझी हरकत गेली की नियमच जाईल. तू बघत राहा.

नोंद: पानं निरोगी (निळी). कीड नाही (हिरवी). परिषदेचा निषेध (लाल).

१९ मार्च. दिवस पाचवा.

आघाडीची उत्तरं आली. अकरा देशांना लिहिलं होतं, तिघांनी कळवलं. पहिला देश म्हणतो, नियम उत्तम आहे, आमच्याकडे त्यासाठी नवं खातं उघडलंय, तीस लोक भरले, आता नियम काढला तर त्यांना कुठे ठेवू? दुसऱ्याने निरीक्षणाच्या खोल्यांची मोठी इमारत बांधायला घेतली आहे आणि पायाभरणीचा फोटो पाठवला आहे. तिसरा विचारतो, तीन रंगांची शाई कोणत्या कंपनीची घ्यावी.

लाचार! एवढे स्वतंत्र देश, आणि एका कागदाने सगळे त्याच्याच मापाचे होऊन बसले. कोणालाच विचारावंसं वाटत नाही की हे सुरू कुठून झालं.

शाईची कंपनी कळवली. प्रश्न सभ्यपणे विचारला होता.

२३ मार्च. दिवस नववा.

खालची पानं पिवळी पडताहेत. दुर्बीण म्हणतो, सूर्य नाही म्हणून. मी म्हटलं, प्रवासाचा शीण आहे.

हरकतीची एकवीस पानं झाली. आज मुद्दा असा मांडला: हा नियम ज्याने लिहिला त्याला ना झाडांचं ज्ञान आहे, ना कामाची लाज. वाक्य फार जमलं. दोनदा मोठ्याने वाचलं. साहेबांनी शिपाई पाठवून आवाज कमी करायला सांगितलं.

२७ मार्च. दिवस तेरावा.

हरकत पाठवली! एक्केचाळीस पानं. शेवटच्या परिच्छेदात परिषदेला आव्हान दिलं आहे: हा नियम कोणत्या शहाण्याच्या डोक्यातून निघाला, त्याचं नाव जाहीर करा!

त्याच आनंदात घरी गेलो, तर ही ऑफिसातून माझ्या आधी पोचलेली. दुपारी निरीक्षणाच्या खोलीत जाऊन रोपं बघून आली होती. तिने एवढंच मागितलं: रोज दोन तास पिशव्या अंगणात ठेवू द्या. मी आणि माझा भाऊ उचलू, तुमच्या माणसांना त्रास नाही.

नाही म्हटलं. नियम मोडून नियमाविरुद्ध कसं लढणार? उद्या परिषदेने विचारलं तर तोंड दाखवायला जागा राहील का?

ती ओरडली. वीस वर्षांत इतकी ओरडलेली आठवत नाही. म्हणाली, तुम्ही जगाशी भांडताय आणि माझी झाडं तुमच्या खोलीत मरताहेत. परिषद नाही मारत. तुम्ही रोज बघताय आणि लिहिताय.

मीही ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं.

रक्तदाब मोजला नाही. मोजून काय करायचं?

३१ मार्च. दिवस सतरावा.

काळे डाग. पानं झडताहेत. झाडून काढायला माणूस नाही, म्हणून मीच झाडली. एक टोपली भरली.

खिडकीसमोरचं कपाट सरकवावं असं मनात आलं. पण नियमात बंदिस्त म्हटलं आहे. अर्धी टोपली आणखी भरली.

हा नियम काढणारा माणूस समोर आला तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन. लेखी देतो.

४ एप्रिल. दिवस एकविसावा.

निरीक्षण पूर्ण. निरीक्षण अधिकाऱ्याने शेवटचा शेरा द्यायचा असतो: निरोगी किंवा रोगग्रस्त.

एक तास पेन हातात धरून बसलो. आठशेपैकी जेमतेम साठ-सत्तर धड होती. खोटं लिहावं असंही वाटलं. पण सीमेवर डोळे असतात.

रोगग्रस्त. लाल शाई.

मेव्हणा खाली ट्रक घेऊन उभा होता. त्याला जाऊन सांगितलं. तो मागे वळला. ट्रकमध्ये अंथरायला आणलेला ओला गोणपाट परत गुंडाळायला लागला.

६ एप्रिल

बागवाल्यांनी त्यांच्याच देशातल्या कोणाकडून तरी रोपं घेतली. पुन्हा ऑर्डर देणार नाहीत. ही फोनवर बरं, बरं म्हणत होती. फोन ठेवून भाड्याच्या त्या तुकड्यावर गेली. मी मागून जाणार होतो. चप्पल सापडेपर्यंत ती लांब गेली होती.

पण उत्तर येऊ दे परिषदेचं. एकेकाला सरळ करतो.

९ एप्रिल, दुपारी ३.४०

उत्तर आलं.

साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. दुर्बिणीला वाचायला दिलं. मेव्हणा उरलेल्या पिशव्या न्यायला आला होता, तोही दारात उभा राहिला.

परिषद म्हणते: आपली हरकत वाचून आश्चर्य वाटलं. नियम कोणाच्या डोक्यातून निघाला हे परिशिष्टात पहिल्यापासून दिलं आहे. प्रश्नावलीला सत्तर देशांची उत्तरं आली. त्यांत सर्वांत काटेकोर पद्धत आपल्या देशाची आढळली, म्हणून तीच जगासाठी आदर्श मानली. आपल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

दुर्बिणीने प्रत वर धरली. हस्ताक्षर वळणदार. कोणातरी शिस्तीच्या माणसाचं, असं पहिल्यांदा वाटलं. मग तीन शाया दिसल्या.

प्रश्न सातवा, तपासणीस लागणारा वेळ. उत्तर निळ्या शाईत: रोपे एकवीस दिवस निरीक्षणाखाली ठेवली जातात. प्रश्न आठवा, कुठे. उत्तर हिरव्या शाईत: बंदिस्त, छायादायक कक्षात.

आता आठवलं. फाइल तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून असते, असं परदेशी लोकांना कसं लिहिणार? देशाच्या अब्रूचा प्रश्न होता. म्हणून निरीक्षण म्हटलं. आणि फायलींच्या खोलीला कक्ष.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या कार्यालयाने जग घडवलं, म्हणाले. पत्र फ्रेम करणार आहेत. दुर्बिणीने प्रत घडी घालून माझ्या हातात दिली. बोलला असता तर बरं झालं असतं.

मेव्हणा दारात नव्हता.

१० एप्रिल, सकाळी ८

बागेचं उद्घाटन आज.

परिषदेच्या पाकिटात आणखी एक कागद होता. आपली हरकत लक्षात घेऊन नियमाचा फेरविचार करू, त्यासाठी नवी प्रश्नावली भरून पाठवा. निर्णयास दोन वर्षं लागतील. मी ती घरी आणली होती. शांतपणे विचार करून भरणार होतो. मनात चार-पाच चांगली वाक्यं तयार होती.

ही समोर येऊन बसली. तिला सगळं कळलेलं होतं, तिच्या भावाकडून. ओरडली नाही. माझ्या खिशातली तिन्ही पेनं काढली, दोन बाजूला ठेवली, निळं माझ्या हातात दिलं. म्हणाली, खरं लिहा.

प्रश्न सातवा. तपासणीस लागणारा वेळ.

ती कागदाकडे बघत होती. लिहिलं: दहा मिनिटे.

मग तिने विचारलं, आणि उरलेले एकवीस दिवस तुम्ही काय करत होता हो?

त्याला फॉर्मात जागा नव्हती.